सासूचा डोळा, सुनेचं मनगट

इचलकरंजीत चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. सगळा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, मग कान जाणारच. गावात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटतं, इथे सकाळपासून भांडणं चाललीत. त्यामुळे रूपाली सातपुतेच्या डाव्या कानाने हळूहळू काम सोडलं तेव्हा घरात कुणी मान वर करून पाहिलं नाही. चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा पित्त झालं म्हणून आल्याचा रस झाला. चेहऱ्याची डावी बाजू बधिर पडू लागली, तेव्हा कुठे तिचा मुलगा सुमित तिला मिरजेला घेऊन गेला, आणि मेंदूच्या फोटोत कानाच्या आतल्या अंगाला लिंबाएवढी गाठ निघाली.

रूपाली हे नाव ऐकून कुणी तरुण पोरगी डोळ्यांपुढे आणली असेल तर ती चूक आहे. दोन हजार त्रेचाळीस साल चालू आहे आणि हल्ली सासवा रूपाली, सारिका, मनीषा अशाच नावांच्या असतात. ही रूपाली अठ्ठावन्न वर्षांची होती.

गाठ साधी होती, म्हणजे कर्करोगाची नव्हती. पण ती जिथे वाढली ती जागा अवघड. कानाच्या आत हाडात एक अरुंद बोळ असतो. त्यातून ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस मेंदूकडे जाते, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून चेहरा हलवणारी नस बाहेर येते. ही दुसरी नस पापणी मिटवते, डोळ्यात पाणी आणते. गाठ आणखी मोठी झाली की जवळून जाणारी तिसरी नसही दाबली जाते, ती डोळ्याला काय टोचतंय, काय खुपतंय याची खबर देते. गाठ लहान असताना सापडली असती तर या नसा वेगळ्या करता आल्या असत्या. लिंबाएवढी झाल्यावर ती त्यांना अशी चिकटली होती, की नऊ तास खपून सर्जनने गाठ काढली आणि जीव वाचवला, पण नसा वाचल्या नाहीत. यात दोष कुणाचाच नव्हता.

रूपालीचा डावा डोळा उघडाच राहू लागला. वरची पापणी वजनाने खाली यावी म्हणून तिच्यात सव्वा ग्रॅम सोन्याची पट्टी बसवली. गल्लीतल्या बायकांनी डोळ्याची चौकशी एकदा केली आणि सोन्याची चारदा. त्या सोन्याने पापणी तीन-चतुर्थांश मिटायची, तेवढंच. आणि त्या डोळ्याला काही कळत नव्हतं. तुमच्या-माझ्या डोळ्यात कापसाचा एक तंतू गेला तर आपण सगळी कामं टाकून नळाकडे धावतो. तिच्या डोळ्यात तंतू दिवसभर बसून राहिला असता आणि ती शांतपणे भाकऱ्या थापत राहिली असती. अशा डोळ्याचं बुबूळ आधी कोरडं पडतं, मग खरवडतं, मग त्यावर जखम होते आणि शेवटी पांढरा डाग पडून नजर जाते. हे सगळं विनातक्रार होतं, कारण तक्रार करणारी नसच नसते.

त्यात तिचा उजवा डोळा आधीच गेलेला. बाविसाव्या वर्षी जुन्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारी लाकडी नळी, उडून त्यावर बसला होता आणि तेव्हापासून त्याला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. म्हणजे नीट मिटणारा डोळा आंधळा आणि दिसणारा डोळा न मिटणारा. तो डावा डोळा गेला असता तर तिचं सगळंच गेलं असतं.

हे टाळण्यासाठी तो पट्टा आला.

कंपनीने त्याचं नाव 'अनुवेदन' ठेवलं होतं, गावाने दोन दिवसांत 'चिमटा' केलं. रुग्णाच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, सायीसारखी पातळ एक कडी बसवायची. डोळ्यातला ओलावा, पाण्याचा खारटपणा, बुबुळावरचं घर्षण हे सगळं ती मोजत राहते. गडबड झाली की ती मनगटावरच्या पट्ट्याला कळवते आणि पट्टा चुरचुरतो. कातडीखालच्या नसांना हलकी वीज देऊन तो डोळ्यात मिरचीचा हात गेल्यासारखी आग करतो. डोळ्यात थेंब पडले, कचरा निघाला, की कडीला ओलावा कळतो आणि आग थांबते.

गंमत अशी, की पट्टा रुग्णाने स्वतः घालून चालत नाही. तसं आधी करून पाहिलं होतं. तीन आठवड्यांत मेंदू त्या चुरचुरीला सरावतो. डोळा दुखत नाही, हातालाही जखम नाही, मग कशाला लक्ष द्यायचं, असं तो ठरवून टाकतो. फोनवर घंटा वाजवून पाहिली, लोक ती बोटाने बंद करून झोपतात. दुसऱ्या माणसाच्या मनगटावर मात्र हा पट्टा चालला, कारण आग दुसऱ्याची आहे हे त्याला ठाऊक असतं आणि विझवायला उठावंच लागतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही आजवर चेष्टा होती, या यंत्राने ती उपचाराची पद्धत केली.

"पट्टा कोण घालणार?" डोळ्यांच्या डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

सुमितने समीक्षाकडे पाहिलं. समीक्षा त्याची बायको, लग्नाला चार वर्षं झालेली. तिने हात पुढे केला.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "हा पट्टा तुमचा हात शिकतो. तुम्हाला कितपत चुरचुर झाली की तुम्ही उठता, हे लक्षात ठेवून तेवढीच देतो, जास्त नाही. म्हणून हात एकाचाच. बदलायचा झाला तर बंद करा आणि दोघांनी माझ्याकडे या. नव्याने शिकवावा लागेल."

समीक्षा कपड्याच्या मेंडिंगला जायची, घरापासून दुसऱ्या गल्लीत. मागावरून आलेलं कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जातं, वरचा कॅमेरा दोष दिसेल तिथे लाल ठिपका टाकतो, आणि ती सुईने गाठ काढून धागा बसवते. कॅमेऱ्याला दोष दिसतो, पण गाठ काढायला अजून बाईचाच हात लागतो. त्या हाताला दिवसातून बारा-पंधरा वेळा मिरची लागायची. ती फोन करून ओरडायची, "आत्ती, थेंब घाला!" इकडच्या जुन्या रीतीने ती सासूला आत्ती म्हणायची. थेंबाने भागलं नाही, तर धावत घरी जायचं. आत काय गेलंय ते रूपालीला जाणवत नव्हतं आणि दुसऱ्या डोळ्याने आरशात दिसत नव्हतं. समीक्षाने पापणी उलटायची, ओल्या कापसाने तंतू टिपायचा, परत टेबलावर यायचं आणि मुकादमाची नजर चुकवायची. पट्टा झोपेतही असायचाच.

पहिले सहा महिने तिने ते हौसेने केलं. पुढचे आठ महिने करायचं म्हणून केलं. चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे म्हणतात, इथे दोघींचे दिवस एकाच मनगटावर येऊन बसले होते. तिला सासूचा राग येत नव्हता. राग आला असता तर जरा मोकळं वाटलं असतं. रूपाली कुणाला घालून-पाडून बोलणारी बाई नव्हती, उलट हात जोडल्यासारखी घरात वावरायची. त्यामुळे समीक्षाला नुसता थकवा येत होता, आणि कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

एका रविवारी दुपारी ती जेवता जेवता ताटावरच डुलकली. सुमितने ताट बाजूला सरकवलं.

"काढ तो पट्टा," तो म्हणाला. "रात्रीचा मी घालतो. दिवसपाळी तुझी, रात्रपाळी माझी."

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? शिकवाय लागतंय त्याला."

"अगं, चोवीस माग सांभाळतोय मी. एक पट्टा सांभाळाय यायचा न्हाई व्हय मला?"

सुमित जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करणारा. आता मागांच्या गावात पाळी कशी बदलतात, हे सांगायला हवं. नवा कामगार येतो, जुन्याच्या शेजारी उभा राहतो, आणि जुना आपला हात काढून घेतो. माग चालूच असतो. तो थांबवून पुन्हा सुरू केला, तर कापडावर आडवी पट्टी पडते आणि तेवढा तुकडा वाया जातो. चालू माग बंद करणारा माणूस म्हणजे शिकाऊ, असं इथे तिसरीतलं पोरही सांगेल. सुमितने पट्टाही तसाच चालू घेतला. संध्याकाळी सातला समीक्षाने मनगटावरून उतरवायचा, त्याने चढवायचा, सकाळी सातला उलट. मध्ये क्षणभरही पट्ट्यावरचा हिरवा दिवा विझू द्यायचा नाही. दोघांनाही वाटलं, आपण फार काळजीने करतोय.

पट्ट्याला काय माहीत, की हात बदलला? वीस वर्षं पाने-हातोडे चालवून आणि मागाचे धक्के खाऊन सुमितच्या हातातली जाण निम्मी गेली होती. तो उठत नाही असं पाहून पट्टा रात्रभर आग वाढवत न्यायचा. सकाळी तीच आग समीक्षाच्या मनगटावर यायची. ती किंचाळून उठायची, अर्ध्या मिनिटात थेंब पडायचे. पट्टा शिकायचा, की हा माणूस चपळ आहे, याला कमी दिलं तरी चालेल. संध्याकाळपर्यंत तो इतका हलका व्हायचा की सुमितला त्याचा पत्ताच लागू नये. समीक्षाच्या मनगटावर गोल तांबूस डाग उठू लागले, आणि रात्रीची झोप मिळतेय म्हणून तिने त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पाच आठवडे हे चाललं. मग एका रात्री रूपालीच्या वरच्या पापणीखाली कापसाचा एक पीळदार तंतू अडकला आणि पापणी हलेल तसा बुबुळावर घासत राहिला. पट्टा सुमितच्या मनगटावर मुंगीएवढ्या ताकदीने चुरचुरू लागला आणि रात्रभर वाढत गेला, तरी सुमितला जाग आली नाही. सकाळी चहा देताना समीक्षाला सासूच्या काळ्या बुबुळावर भाताच्या शितासारखा पांढरा ठिपका दिसला.

रूपाली अकरा दिवस दवाखान्यात होती. दर अर्ध्या तासाला औषध. बाराव्या दिवशी जखम भरली, बुबुळाच्या खालच्या कडेला डाग राहिला, मधली नजर वाचली. डॉक्टर मुजावरांनी पट्ट्याच्या नोंदी पडद्यावर काढल्या आणि सुमितकडे पाहिलं.

"बंद न करता बदललात?"

"चालू माग बंद करत न्हाई आम्ही," तो पुटपुटला.

"हा माग नाही, दादा. ही तुमच्या आईची नजर आहे."

त्याने मान खाली घातली. "माझ्या हाताला शिकवा मग. मीच घालतो कायमचा." डॉक्टरांनी त्याचा हात तपासला. त्याला जाग यावी एवढी वीज द्यायची तर कातडी भाजली असती.

"समीक्षाच घालेल, आणि एकटी घालेल," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "पुन्हा अशी जखम झाली तर माझ्याकडे एकच उपाय उरतो. दोन्ही पापण्या एकमेकींना शिवायच्या. डोळा राहतो, पण त्यातून दिसायचं बंद होतं. आणि यांना दुसरा डोळा नाही."

रूपाली खाटेवर बसून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर तिने समीक्षाचा हात ओढून आपल्या डोळ्याजवळ नेला. मनगटावर गोल डागांची रांग होती.

"हे माझ्या डोळ्यानं केलं व्हय?"

"पट्ट्यानं केलं, आत्ती."

"पट्ट्याला कुणी सांगितलं?" रूपाली म्हणाली. मग तिने तो हात बराच वेळ मांडीवर धरून ठेवला.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी पट्टा दोनदा चुरचुरला. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवसापासून गप्प. समीक्षाला आधी वाटलं, बिघडला. तिने त्याच्यावर टिचकी मारून पाहिली, दवाखान्यात फोन केला. यंत्र ठणठणीत होतं, डोळ्यात ओलावा भरपूर होता. नव्या औषधाचा गुण आला असेल, असं सुमित म्हणाला. सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि खोकला गेल्यावर सुंठीची चौकशी कुणी करत नाही.

पाचव्या दिवशी समीक्षाने चहाचा अख्खा कप गरम असताना संपवला. दुसऱ्या आठवड्यात ती सलग सात तास झोपली आणि उठल्यावर तिला आपण कुठे आहोत ते क्षणभर कळेना. तिच्या हातून जास्त कापड निघू लागल्याचं मुकादमाने कौतुकाने बोलून दाखवलं. एका शनिवारी ती आणि सुमित मिसळ खायला बाहेर पडली, आणि येताना तिच्या लक्षात आलं, की आपण दोघं तासभर बोललो आणि त्यात डोळा हा शब्द एकदाही आला नाही. असे दोन महिने गेले. ती सुखात होती. तिला स्वतःला तसं म्हणायला लाज वाटली असती, पण होती.

मग एका दुपारी मेंडिंगच्या खोलीतली वीज गेली. तास-दीड तास येणार नाही म्हणून बायकांना सोडलं. समीक्षा घरी आली. दार लोटलेलं होतं, ते तिने हळूच उघडलं.

रूपाली खाटेच्या कडेला बसून लसूण सोलत होती. डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढून तिने चिकटपट्टीने गालाला चिकटवली होती. त्यावर ओल्या कापसाची घडी, आणि त्यावर प्लास्टिकची छोटी वाटी पालथी घालून कडेने सगळीकडून पट्ट्या लावलेल्या. वाटीच्या आत वाफ धरली होती. अशा डोळ्याला काय खुपणार? त्यात वारा जात नव्हता, तंतू जात नव्हता, उजेडही जात नव्हता.

सोललेल्या पाकळ्या तिने बोटांनी मोजून ताटलीत टाकल्या, उठली आणि भिंतीला हात लावून चालू लागली. ओठ हलत होते. चार, पाच, सहा. सहाव्या पावलाला ती वळली, हात पुढे केला आणि माठावरचा पेला अचूक उचलला. तिचा पाय कुठेही अडखळला नाही. हे एक-दोन दिवसांत जमत नाही, त्याला सवय लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटणं हे या घरात रूपालीचं काम, ती महिना बदलला की सकाळी उठून पहिलं तेच करायची. पान दोन महिन्यांपूर्वीचं होतं. समीक्षा रोज त्याच्यासमोरून जात होती आणि तिलाही ते दिसलं नव्हतं.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

त्या क्षणी तिच्या मनात काय आलं, ते सांगायला हवं, कारण ते तिने पुढे स्वतःपासूनही लपवलं नाही. तिच्या मनात आलं, की मी आत्ता बोलले, तर उद्यापासून पुन्हा. पुन्हा धावपळ, पुन्हा झोपेत आग, पुन्हा ताटावर डुलक्या. आणि कशासाठी? आत्तींनी स्वतःच्या मनाने केलंय. कुणी सांगितलं नव्हतं. डोळा उलट जास्त सुरक्षित आहे. तिने दार पहिल्यासारखं लोटलं, जिना उतरली आणि वीज येईपर्यंत कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसून राहिली.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा रूपालीच्या डोळ्यावर काही नव्हतं. फक्त गालावर, चिकटपट्टी होती तिथे, फिकट चौकोन होता, आणि तो नेहमीच तिथे असायचा हे समीक्षाला आज कळलं. "डोकं दुखतंय जरा," म्हणत रूपाली ओला रुमाल कपाळावरून डोळ्यावर ओढून आडवी झाली, आणि ही डोकेदुखीही रोजचीच होती. समीक्षाने त्या रात्री सात तास झोप घेतली. दुसऱ्या रात्रीही घेतली. असे आठ दिवस गेले, आणि झोप काही उडाली नाही, याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

नवव्या दिवशी मिरजेला तपासणी होती. सुमितला सुटी नव्हती, दोघीच गेल्या.

डॉक्टर मुजावर यंत्रातून डोळा पाहून खुर्चीत मागे रेलल्या. "तो डाग सोडला तर बुबूळ काच आहे हो, काच! सदुसष्ट दिवसांत पट्टा एकदाही बोललेला नाही. माझ्याकडे एवढे पेशंट आहेत, अशी नोंद एकाची नाही. काय करता तुम्ही?"

"काय न्हाई बाई. थेंब घालतोय वेळेवर."

"टीव्ही बघता? वाचता?"

"बघतोय की."

"नीट दिसतंय ना?"

रूपालीने डोळा रोखून पाहिलं. "तुमच्या कोटाचं वरलं बटण तुटायला आलंय. धाग्यावर लोंबतंय."

डॉक्टर मोठ्याने हसल्या आणि समीक्षाकडे वळल्या. "खरं श्रेय यांचं. सून अशी हवी."

समीक्षा हसली. तेव्हा बोलता आलं असतं.

बाहेर औषधाच्या रांगेत उभं असताना रूपाली तिच्याकडे टक लावून पाहू लागली. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात तिने सुनेला बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं. तिने समीक्षाच्या डोळ्यांखाली अंगठा फिरवला.

"काळं गेलं बघ सगळं. गाल वर आलं. बरं दिसाय लागलीस."

समीक्षाला तिथे उभं राहवेना.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. हल्लीच्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो, नुसता टायरांचा येतो. रूपाली खिडकीशी बसली, तिचा चांगला कान समीक्षाकडे होता. गाडी मिरजेबाहेर पडली तशी तिने पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, दाताने तुकडा तोडला, आणि सवयीच्या हाताने पापणी खाली ओढून चिकटवली.

"वारं लागतंय," ती म्हणाली.

काच बंद होती.

"आत्ती," समीक्षा म्हणाली, "मला माहीत हाय. गेल्या आठवड्यात मी दुपारची घरी आले होते. वाटी लावून बसला होता तुम्ही."

"व्हय. आली होतीस."

समीक्षाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मेंडिंगवरनं आलीस की तुझ्या अंगाला खळीचा वास असतोय," रूपाली म्हणाली. तिने चेहरा वळवला नव्हता. "दारात उभी राहिलीस. मला वाटलं, आता रागावणार. आता काढाय लावणार. थोडं बरं पण वाटलं, खोटं कशाला बोलू? मग वास गेला. संध्याकाळी काय बोलली न्हाईस, दुसऱ्या दिवशी बी न्हाई. तवा म्हटलं, असू दे. बरोबर करतोय आपण."

तिच्या आवाजात टोमणा असता तर समीक्षाने तो सहन केला असता. टोमणा नव्हता. हिशेब जुळल्याचं समाधान होतं, आणि तेच समीक्षाच्या काळजात खोल गेलं. एका बाईने दोन महिने अंधारात पावलं मोजली होती, आणि ती बरोबर करतेय असं सुनेने न बोलता सांगितलं होतं.

"मी दमले होते, आत्ती," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. "मला झोप पाहिजे होती. म्हणून गप बसले. अजून बी दमलेच हाय मी."

"ठाऊक हाय की. म्हणून तर."

"तसं नको."

"मग कसं? मला काय बघायचं राहिलंय आता? तुझं वय हाय."

समीक्षाने सासूच्या गालावरच्या पट्टीचं टोक नखाने सोडवलं, दुसऱ्या हाताने पापणी धरली आणि पट्टी हळूहळू काढली. मग पुढे वाकून खिडकीची काच सरकवली. अंकलीचा पूल आला होता. खाली कृष्णा, दोन्ही काठांना ऊस, पुलाच्या कठड्यावर बगळे. वारा धूळ घेऊन सरळ आत आला.

मनगट चुरचुरू लागलं. दोन महिन्यांनी आलेली आग पहिल्यापेक्षा जास्त लागली. समीक्षाने दात आवळले.

"भाजतंय काय गं?" रूपालीने विचारलं. तिचा हात पापणीकडे निघाला होता.

समीक्षाने तो हात धरून खाली ठेवला. "भाजतंय. पूल संपला की थेंब घालू. तवर बघा तुम्ही."

रूपालीने तोंड खिडकीकडे वळवलं, आणि पूल संपेपर्यंत ती नदी बघत होती.